बिदागीचे खेळाडू

अमरावतीहून परतवाड्याच्या वाटेने निघाले की थोड्याच वेळात पेढी नदी आणि तिच्या काठचे वलगाव लागते. गाडगेबाबांनी १९५६ च्या डिसेंबरात याच परिसरात देह ठेवला, म्हणून या गावाचे नाव महाराष्ट्रात सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे. आज मात्र मी वलगावचे नाव घेतो आहे ते अगदी निराळ्या कारणाने. कपाशीची वेचणी आटोपत आली आणि थंडी अंगाला झोंबू लागली, म्हणजे या बाजूच्या गावोगावी कबड्डीचे सामने भरतात. वर्गणी जमते, मैदान आखले जाते, खांबांवर दिवे चढतात, आणि घोंगड्या पांघरून बसलेली मंडळी मध्यरात्र उलटून गेली तरी उठत नाहीत. अशा सामन्यांत एक दृश्य पुष्कळदा दृष्टीस पडते. यजमान गावाचे सात गडी मैदानात उतरतात. त्यांपैकी पाचांना प्रेक्षक त्यांच्या बापआज्यांच्या नावांनी ओळखतात, आणि उरलेल्या दोघांना कोणीच ओळखीत नाही. ते दोघे चढाईसाठी बाहेरून आणलेले असतात. त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च आणि वर हातावर ठेवावयाची बिदागी गावातील कोणी हौशी धनिक सोशीत असतो. सामना जिंकला की गुलाल उधळला जातो. आणि आठ दिवस लोटत नाहीत तोच तेच दोघे पलीकडच्या गावाच्या बाजूने, त्याच गुलालासाठी, दम घुमवीत असतात.

श्रोतेहो, हा लहानसा प्रकार वाटतो तितका लहान नाही. बिदागी देऊन आणलेल्या खेळाडूंमुळे सामन्यांतील तोल बिघडतो की सुधारतो, हा प्रश्न आज जगातल्या मोठमोठ्या क्रीडामंडळांना आणि, तुम्हास आश्चर्य वाटेल, अमेरिकेतील विश्वविद्यालयांच्या कुलपतींनाही पडलेला आहे. त्याचे उत्तर शोधावयास मात्र अमेरिकेस जाण्याची गरज नाही. नागपूर, पुणे, बडोदे आणि इंदूर एवढ्या मुलखात त्या उत्तराचा बहुतेक भाग सापडतो.

प्रथम एक शंका दूर करू. खेळाबद्दल पैसे घेणे हेच मुळी कमीपणाचे, असे मानणारा एक मोठा पंथ होता. हौशी खेळाडू तेवढा सभ्य आणि धंदेवाईक तो हलका, ही कल्पना इंग्लंडातील विद्यालयांत वाढली व ऑलिंपिकच्या नियमांत जाऊन बसली. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळविणारा जिम थॉर्प हा अमेरिकेतील आदिवासी विद्यार्थी. सुट्टीच्या दिवसांत किरकोळ वेतनावर तो बेसबॉल खेळला होता एवढ्या अपराधाबद्दल ती पदके त्याच्याकडून काढून घेतली गेली, आणि परत दिली गेली ती १९८२ साली, त्याला मरून एकोणतीस वर्षे झाल्यावर! आपल्याकडे हा सोवळेपणा कधीच नव्हता. थॉर्पची पदके ज्या १९१२ सालची, त्याच साली कोल्हापुरास शाहू महाराजांचे खासबाग मैदान उभे राहिले. आणि महाराजांच्या पदरी खुराक व तनखा घेऊन राहणारे मल्ल कोणाच्याही दृष्टीने हलके नव्हते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून व्यायामाची जी उपासना चालविली, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी हिंदी व्यायामप्रकार दाखविण्यासाठी जे पथक धाडले, त्यामागील निरपेक्ष भावनेला मी वंदन करतो. परंतु उपासनेसाठी पोट भरलेले असावे लागते, हेही तितकेच खरे. स्वतः गाडगेबाबांचा बाणा असा की, कष्ट केल्यावाचून भाकरी घ्यावयाची नाही. ज्याने कष्ट केले त्याने भाकरी घेतली तर त्यात न्यून ते काय?

तेव्हा बिदागी घ्यावी की घेऊ नये, हा वाद मी सोडून देतो. बिदागी कोणाच्या हातून मिळते, किती हातांतून मिळते, आणि एका संघाने ती किती जणांस द्यावी याला काही मर्यादा आहे किंवा नाही, या गोष्टींवर संघासंघांमधला तोल अवलंबून असतो असे मला वाटते. याचा दाखला रणजी करंडकाच्या इतिहासात मिळतो.

रणजी करंडकाचे सामने १९३४-३५ साली सुरू झाले. पहिली दोन वर्षे करंडक मुंबईने नेला. तिसऱ्या वर्षी नवानगर या संस्थानाने तो जिंकला. आणि त्या संघाचा कप्तान होता वेन्सली नावाचा, ससेक्सकडून खेळणारा इंग्लिश धंदेवाईक खेळाडू! म्हणजे ज्याला आज आपण नवे संकट समजतो, त्याचा शिरकाव स्पर्धेच्या तिसऱ्याच वर्षी झालेला होता.

त्यानंतर १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे करंडक महाराष्ट्राच्या संघाकडे आला. या संघाचे नायक प्राध्यापक दि. ब. देवधर. पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवावयाचे आणि उरलेल्या वेळात क्रिकेट खेळावयाचे, असा या गृहस्थांचा क्रम. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असता त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या, हे आजही खरे वाटत नाही. महाविद्यालयाच्या वातावरणात वाढलेल्या हौशी क्रिकेटचा एवढा मोठा विजय पुन्हा आपल्या वाट्याला आला नाही. त्याच संघात सांगलीचा एक शांत, मितभाषी तरुण होता, विजय हजारे. १९३९-४० च्या हंगामात पुण्यास महाराष्ट्राकडून खेळताना त्याने नाबाद ३१६ धावा केल्या. आणि त्या केल्या त्या बडोद्याच्या संघाविरुद्ध. बडोदे दरबारने यातून जो बोध घ्यावयाचा तो घेतला. दोनच हंगामांनंतर हजारे बडोद्याकडून खेळत होते.

महाराष्ट्राने त्यानंतर करंडक जिंकलेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असे तीन वेळा तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि तीनही वेळा हरला. एका हजाऱ्यांच्या जाण्याने एवढे सगळे घडले असे म्हणणे वेडेपणाचे होईल. पण पुण्यापाशी देण्यासारखे कौतुक होते आणि बडोद्यापाशी देण्यासारखी नोकरी होती, हा फरक कोणाच्याही लक्षात येण्याजोगा आहे. विशीतल्या तरुणाने कौतुक सोडून नोकरी धरली तर त्याला दोष देणारे आपण कोण?

आमच्या नागपूर-वऱ्हाडची गोष्ट याहून आधीची. कोट्टारी कनकय्या नायडू हे १८९५ साली नागपुरात जन्मले, हिस्लॉप कॉलेजात शिकले, आणि १९२३ साली इंदूरच्या होळकर दरबारात गेले. तेथे त्यांना सैन्यात कप्तानाचा हुद्दा मिळाला. हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी संघाचे ते १९३२ साली नायक झाले, तेव्हा नागपूरकरांनी अभिमान बाळगला. पण रणजी करंडकाच्या वेळी हा अभिमान कामास येत नसे. मध्यप्रांत-वऱ्हाड या नावाने आमचा संघ स्पर्धेत उतरत असे खरा, परंतु अंतिम सामना त्याने कधी गाठला नाही. इकडे इंदुरास यशवंतराव होळकरांनी नायडूंच्या भोवती मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर अशी मंडळी गोळा केली. महायुद्धाच्या काळात डेनिस कॉम्प्टन हा विख्यात इंग्लिश फलंदाज महूच्या छावणीत होता. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तोही होळकरांकडून उतरला आणि २४९ धावा करून नाबाद राहिला. तरी तो सामना मुंबईने जिंकला, ही मौज निराळीच. पुढच्याच वर्षी होळकरांनी बडोद्यास हरवून करंडक घेतला. त्या सामन्यात पन्नाशी गाठलेल्या नायडूंनी दोनशे धावा केल्या.

त्याच्या पुढल्या वर्षी, १९४७ च्या मार्चमध्ये, बडोद्याने परतफेड केली. हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची जी भागी केली ती क्रिकेटच्या इतिहासात अजरामर झाली आहे. पण त्या जोडीत बडोद्याचा मूळ रहिवासी कोण? एक सांगलीचा, दुसरा लाहोरचा. त्या दिवशी मैदानावर दोन गावांचे क्रिकेट एकमेकांशी झुंजत होते म्हणण्यापेक्षा दोन खजिने झुंजत होते असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

या काळाचा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट दिसते. होळकर संघ १९४१-४२ ते १९५४-५५ असे चौदा हंगाम खेळला. त्यांत दहा वेळा तो अंतिम सामन्यात होता. या चौदा करंडकांपैकी मुंबईने पाच, होळकरांनी चार आणि बडोद्याने तीन नेले. बाकीच्या सर्व देशाच्या वाट्याला मिळून दोन उरले. उत्तमोत्तम खेळाडू दोन दरबारांत एकवटले, म्हणून त्या दरबारांतील लढती डोळ्यांचे पारणे फेडणाऱ्या झाल्या. आणि ज्या प्रांतांतून ते खेळाडू गेले, ते प्रांत प्रेक्षक होऊन बसले. खेळ उंचावला आणि मैदान अरुंद झाले, असे याचे वर्णन करता येईल.

संस्थाने विलीन झाली आणि दरबारांचा आश्रय आटला. आता तरी तोल सर्वत्र सारखा व्हावा, अशी अपेक्षा होती. झाले ते उलटेच. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ पंधरा वर्षे करंडक एकट्या मुंबईकडे राहिला. मुंबई तर कोणास बिदागी देत नव्हती. मग हे कसे झाले? याचे उत्तर मुंबईच्या कचेऱ्यांत आहे. बँका, गिरण्या आणि मोठमोठ्या कंपन्या यांचे स्वतःचे क्रिकेट संघ असत, टाइम्स ढालीसाठी त्यांच्यात अहमहमिका चाले, आणि चांगला खेळाडू दिसला की त्याला कायमची नोकरी मिळे. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, पॉली उम्रीगर सिमेंट कंपनीत. सकाळी सही करावयाची आणि दुपारी सरावास जावयाचे! ही बिदागीच होती; फक्त ती पगारपत्रकावर लिहिलेली होती, निवृत्तिवेतनासह मिळत होती, आणि ती देणारे हात एक नसून पन्नास होते. दरबार अकरा जणांना पोसू शकत असे. मुंबईने शेकडो जणांना पोसले, म्हणून तिची दुसरी फळीसुद्धा इतरांच्या पहिल्या फळीला भारी पडे.

या म्हणण्याची परीक्षा त्याच काळात झालेली आहे. उदेपूरच्या महाराणांनी राजस्थानच्या संघाला आश्रय दिला आणि विनू मंकड, विजय मांजरेकर, सलीम दुराणी असे एकाहून एक तालेवार खेळाडू त्या संघात आणले. मांजरेकरांबद्दल तर येथे थांबून सांगितले पाहिजे. मुंबईचा हा थोर फलंदाज आयुष्यात मुंबई, बंगाल, आंध्र, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि महाराष्ट्र अशा सहा संघांकडून खेळला! कबड्डीच्या मैदानावरचे आपले ते दोन अनोळखी गडी त्यांच्या मानाने घरकोंबडेच म्हणावयाचे. तर असा हा राजस्थानचा संघ १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात आठ वेळा अंतिम सामन्यात आला आणि आठही वेळा हरला. त्यांतील सात वेळा मुंबईकडून. विकत आणलेल्या पाचसात रत्नांनी मुकुट होतो, संघ होत नाही. त्या रत्नांच्या मागे उभी राहणारी मुले गावोगावच्या मैदानांवरून यावी लागतात, आणि ती राजस्थानात तेव्हा येत नव्हती.

आता आपल्या विदर्भाकडे वळू. विदर्भाचा संघ या नावाने १९५७-५८ साली स्पर्धेत आला. पुढची साठ वर्षे त्याची गणना दुबळ्यांत होत असे. तो मैदानात उतरावा आणि मोठ्या संघांनी त्याच्याविरुद्ध धावांच्या राशी घालाव्या, असाच शिरस्ता होता. यात बदल घडविला तो दूरदर्शनच्या पैशाने. क्रिकेट मंडळाकडे सामन्यांच्या प्रक्षेपणाचे अफाट उत्पन्न येऊ लागले आणि त्यातला हिस्सा राज्यांच्या संघटनांना मिळू लागला. नागपूरजवळ जामठ्याचे भव्य मैदान २००८ साली खुले झाले, होतकरू मुलांसाठी प्रशिक्षणाची सोय झाली. आणि मग बाहेरचे अनुभवी खेळाडू बोलावण्यात आले. तमिळनाडूचा बद्रीनाथ आला, कर्नाटकाचा गणेश सतीश आला, मुंबईचा वसीम जाफर आला. येथे एक नियम महत्त्वाचा आहे. बाहेरचे खेळाडू एका संघाने तीनपेक्षा अधिक घेऊ नयेत, असा मंडळाचा दंडक आहे. आणि जाणाऱ्याला आपल्या जुन्या संघटनेचे ना-हरकत पत्र लागते. होळकरांवर किंवा गायकवाडांवर असे बंधन कोणी घालू शकले नसते.

जाफर आला तो पस्तिशी ओलांडलेला. त्याने धावा तर केल्याच, २०१८-१९ च्या हंगामात चाळिशीच्या घरात असता एक हजारांहून अधिक केल्या. पण त्याच्या शेजारी उभे राहून खेळताना नागपूर-अकोल्याच्या पोरांच्या मनातले मुंबईचे भय गेले, त्याची नोंद धावफलकावर होत नाही. गुरू म्हणून चंद्रकांत पंडित यांना आणले गेले. त्यांची शिस्त इतकी कडक की, मुले खेळापेक्षा त्यांना भीत, असे म्हणतात. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात कोलकात्यास विदर्भाने कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरविले, आणि १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला नऊ गड्यांनी नमवून करंडक प्रथमच आणला. त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीने तीन चेंडूंत तीन गडी टिपले, अक्षय वाडकरने शतक काढले, आणि अकोल्याचा आदित्य ठाकरे हा तरुण गोलंदाज तर आयुष्यातला पहिलाच मोठा सामना खेळत होता. हा सामना झाला कोठे? इंदुरास, होळकर मैदानावर! नायडूंना नागपुराहून नेणाऱ्या त्या दरबाराच्या नावाचे मैदान. तेथेच नागपूरच्या संघाने करंडक उचलावा, यात काळाचा थोडा विनोद आहे खरा. पुढच्या वर्षी विदर्भाने तो पुन्हा जिंकला.

२०१०-११ ते २०२४-२५ या काळात, साथीमुळे एक वर्ष स्पर्धा न झाल्याने, पुन्हा नेमके चौदाच हंगाम झाले. या चौदांत मुंबईला तीन, विदर्भाला तीन, राजस्थान, कर्नाटक व सौराष्ट्र यांना प्रत्येकी दोन, आणि गुजरात व मध्य प्रदेश यांना एकेक करंडक मिळाला. होळकरांच्या काळी चौदांपैकी बारा तिघांत वाटले गेले होते. आता सात संघांना वाटा मिळाला आणि कोणाकडेही तीनपेक्षा अधिक गेले नाहीत. राजस्थानने आठ पराभवांनंतर २०१०-११ साली जो पहिला करंडक घेतला, त्या वेळी त्यांचा कप्तान पुण्याचा हृषिकेश कानिटकर होता. आणि तो संघ त्या वर्षी सर्वांत खालच्या गटातून वर आला होता.

सर्व श्रेय बाहेरच्या खेळाडूंना द्यावे असे मात्र नाही. सौराष्ट्राने बहुतांशी घरच्याच मुलांवर दोन करंडक मिळविले. मध्य प्रदेशाने २०२१-२२ साली मुंबईस हरविले तेव्हा फलंदाजीची मदार तेथल्याच मुलांवर होती. बाहेरून आणले होते ते गुरू, म्हणजे तेच चंद्रकांत पंडित. खेळाडूला दिलेला पैसा त्याच्याबरोबर निघून जातो, गुरूला दिलेला काही अंशी मागे उरतो, असा माझा स्वतःचा समज आहे. विदर्भाने तिसरा करंडक घेतला तेव्हा प्रशिक्षकाच्या जागी विदर्भाचेच जुने खेळाडू उस्मान घनी होते, ही गोष्ट त्या समजाला पुष्टी देते.

आता थोडे अमेरिकेबद्दल, कारण प्रश्नाची धार तेथे अधिक तीव्र आहे. त्या देशात कॉलेजांचे फुटबॉल सामने लाखो लोक पाहतात आणि विश्वविद्यालयांना त्यांतून कोट्यवधी डॉलर मिळतात. खेळणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र शिष्यवृत्तीखेरीज काही घेण्याची मनाई होती. जिम थॉर्पच्या काळचे सोवळे तेथे शंभर वर्षे टिकले. १ जुलै २०२१ पासून विद्यार्थ्याला आपल्या नावाचा व छबीचा मोबदला बाहेरच्यांकडून घेता येऊ लागला. त्याच सुमारास एक कॉलेज सोडून दुसऱ्यात जाण्यावरील बंधनेही सैल झाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार तर विश्वविद्यालयेच आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विश्वविद्यालयामागे सुमारे दोन कोटी पाच लक्ष डॉलर ठरली.

परिणाम दुहेरी झाला. अलाबामा विश्वविद्यालयाने २००९ ते २०२० या काळात सहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. अशा बलाढ्य संघांचे खरे बळ राखीव खेळाडूंत असे. इतरत्र पहिल्या अकरांत शोभणारी मुले येथे वर्षानुवर्षे बाकावर बसून राहत. मोबदला आणि जाण्याची मोकळीक मिळताच ही मुले उठली आणि जेथे खेळावयास मिळेल तेथे गेली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हँडरबिल्टसारख्या दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाने अलाबामाला ४०-३५ असे हरविले. १९८४ नंतर प्रथमच. इंडियानाचा संघ २०२३ साली बारांपैकी नऊ सामने हरला होता, आणि पुढच्याच वर्षी त्याने अकरा जिंकले. परंतु त्या इंडियानाचा नवा गुरू येताना आपल्या जुन्या, लहान कॉलेजातले कित्येक उत्तम गडी सोबत घेऊन आला होता! वरच्या पायऱ्यांवरची गर्दी वाढली ती खालच्या पायऱ्या रिकाम्या करून. २०२४ च्या हंगामाचे विजेतेपद अखेर ओहायो स्टेटने घेतले, आणि त्या एका संघावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचे तेथील क्रीडाप्रमुखांनीच सांगितले. पाच-सहा बलाढ्यांच्या जागी पंधरा-वीस झाले, हे खरे. तळाशी असलेल्यांचे अंतर मात्र वाढले. आपल्याकडे तीनची मर्यादा आहे तशी खेळाडूंच्या संख्येची मर्यादा तेथे नाही, हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पुन्हा जामठ्याला येऊ. २०२५ सालचा रणजी अंतिम सामना विदर्भ आणि केरळ यांच्यात तेथे झाला. विदर्भाचे तीन गडी अवघ्या २४ धावांत परतले होते. अशा वेळी नागपूरचा एकवीस वर्षांचा दानिश मालेवार आणि कर्नाटकातून आलेला करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली. दानिशच्या १५३, नायरच्या ८६. आणि दुसऱ्या डावात नायरने शतकही ठोकले. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने करंडक जिंकला. घरचा मुलगा आणि बिदागीचा खेळाडू यांचे नाते असेच असावे, असे कोणासही वाटले असते.

पण त्याच मैदानावर पलीकडच्या बाजूने कोण उभा होता? आदित्य सरवटे, नागपूरचाच. विदर्भाने २०१९ साली दुसरा करंडक जिंकला तेव्हा अंतिम सामन्यात अकरा गडी बाद करणारा हा गोलंदाज आता केरळकडून आपल्याच गावच्या मैदानावर उतरला होता, आणि त्याने ७९ धावा करून विदर्भाला जेरीसही आणले. सामन्यानंतरच्या हंगामात नायर आपल्या कर्नाटकास परत गेला. अमरावतीत जन्मलेला जितेश शर्मा, ज्याला सगळा देश ओळखतो, तो २०२५ सालीच विदर्भ सोडून बडोद्याकडे वळला. हजारे गेले होते तेच बडोदे! फरक इतकाच की, हजारे गेल्यावर महाराष्ट्राची जागा रिकामी राहिली. विदर्भाला मात्र जाणाऱ्याच्या जागी उभा करावयास कोणीतरी मिळतो आहे. अकोल्याचा अथर्व तायडे आहे, एका हंगामात ६९ गडी बाद करण्याचा विक्रम करणारा हर्ष दुबे आहे.

२०२१ साली ठरलेल्या दराप्रमाणे रणजी सामन्यात खेळणाऱ्यास दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मिळतात. म्हणजे चार दिवसांच्या एका सामन्याचे एक लाख साठ हजार ते दोन लाख चाळीस हजार. कारकुनी नोकरीच्या आशेने मुलाला पुस्तकास जखडून ठेवणाऱ्या आपल्यासारख्या घरांनी हा आकडा एकदा शांतपणे मनात घोळवावा. मात्र हा पैसा येतो तो मुलगा तयार झाल्यावर. दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत त्याचे बूट, दूध, आणि अमरावतीहून नागपुरास निवडचाचणीसाठी जाण्याचे भाडे, हे सारे बापानेच भरावयाचे असते. दीडशे किलोमीटरांचा तो प्रवास पहाटेच्या गाडीने करून दुपारच्या उन्हात चेंडू टाकणाऱ्या मुलाची गाठ ज्याच्याशी पडते, तो जामठ्याच्या शेजारी राहून रोज सराव करणारा असतो. बिदागीच्या तीन जागा सोडल्या तर आठ जागा घरच्यांसाठी राहतात. त्या आठांत वलगावसारख्या गावच्या मुलाची जागा किती, हा हिशेब नियमाच्या पुस्तकात मिळत नाही.

येत्या हिवाळ्यात कबड्डीच्या मैदानावर दिवे लागतील, तेव्हा बिदागी देऊन आणलेल्या त्या दोघांवरून दृष्टी जरा काढून बाकीच्या पाचांकडे निरखून पाहावे. त्यांतल्या एखाद्याला पलीकडच्या गावाचे बोलावणे आलेले असेल. जावे की राहावे याचा विचार करीत, कमरेवर हात ठेवून, तो मधल्या रेषेपाशी उभा असेल.